दानाची दौड आणि दानाचा हिशेब

रविवारी पहाटे शहराच्या हमरस्त्यावरून शेकडो स्त्रीपुरुष एकाच रंगाचे सदरे घालून धावत आहेत, हे दृश्य आता आपल्या देशातील बहुतेक मोठ्या शहरांस परिचयाचे झाले आहे. मुंबईत १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिली मोठी मॅरेथॉन झाली. तीत वेगाने धावणाऱ्यांबरोबरच हौसेने चालू इच्छिणाऱ्या कुटुंबांनाही जागा ठेवलेली होती, आणि सेवाभावी संस्थांकरिता निधी उभारण्याची सोय तिच्याशी जोडली गेली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा दौडी निघू लागल्या. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर २ एप्रिल २०२३ रोजी, महावीर जयंतीच्या सुमारास, ‘जितो’च्या महिला विभागाने देशातील आणि परदेशांतील अनेक शहरांत एकाच दिवशी ‘अहिंसा रन’ घडवून आणली. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलीसुना पुण्यामुंबईस अशा दौडींत भाग घेऊन आल्या आहेत. त्यांची पदके दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात विराजमान आहेत, हेही आम्ही पाहिले आहे.

तेव्हा दाना ओलीचीही एक लहानशी धर्मादाय दौड असावी, घरोघरच्या माणसांनी मिळून ती चालवावी आणि जमेल ते द्रव्य गरजू रुग्णांच्या कामी लावावे, असा विचार ओलीतील तरुण मंडळींनी बोलून दाखविला, यात नवल नाही. आमचा त्या विचारास मनापासून पाठिंबा आहे. तथापि तो देण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्टपणे लिहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण दानाच्या कामात उत्साह पुढे धावतो आणि हिशेब मागे राहतो, असा अनुभव पुष्कळदा येतो. व्यापाऱ्याने तरी तसे होऊ देऊ नये.

प्रथम वडीलधाऱ्यांचा आक्षेप घेऊ. ते विचारतात, “धावल्याने दान कसे होते? द्यावयाचे असेल त्याने सरळ द्यावे. त्यासाठी रस्त्यावर जाऊन घाम गाळण्याचे प्रयोजन काय?” हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांत पायांनी करावयाचा पाचवा प्रकार कोठेही नाही. धावणाऱ्याच्या पायांत पुण्य नाही, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. मग दौड कशासाठी?

याचे उत्तर आम्हांस आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाच्या कार्यात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे, जैन घराण्यातले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. एवढ्या मुलांच्या पोटाची तजवीज करावयाची म्हणजे धान्याचा प्रश्न रोजच दारात उभा. पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने वसतिगृहासाठी मोडले. सौभाग्यालंकारही ठेवला नाही. धनिकांकडून देणग्या घेणे भाऊरावांस वर्ज्य नव्हते. परंतु त्याबरोबरच त्यांनी मुष्टिफंडाची प्रथा पाडली. घरातल्या बाईने मूठभर धान्य वेगळे काढावे, आणि गावोगाव साठलेल्या त्या मुठी वसतिगृहाकडे जाव्यात, अशी ती योजना. धान्याच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट चटकन कळेल. शंभर घरांतून आलेली शंभर मूठ ज्वारी आणि एका शेटजीने पाठविलेले पोते यांचे वजन तराजूत सारखेही भरेल. पण पोते आले तर वसतिगृह शेटजीचे होते. मुठी आल्या तर ते गावाचे होते.

आपल्या घरांतील दानाची आजची रीत कशी आहे, ते पाहावे. पेढीवरचा कर्ता पुरुष धनादेशावर सही करतो, मुनीम पावती फाईलला लावतो, आणि वर्षाअखेरीस ती आयकराच्या कागदांत जाते. घरच्या सुनेस, कॉलेजात शिकणाऱ्या मुलास किंवा दहा वर्षांच्या नातीस ती रक्कम कोणास गेली आणि का गेली, याची गंधवार्ताही नसते. दान घराच्या नावाने होते. पण घराला ते माहीत नसते. दौडीचा उपयोग आम्हांस दिसतो तो येथे. दौडीत नाव घालणाऱ्या प्रत्येक मुलाने आपल्या आत्याकडे, मामाकडे, शेजारच्या काकांकडे स्वतः जाऊन दर किलोमीटरमागे दहा-वीस रुपयांचे वचन मिळवावयाचे असते. आपण कशासाठी धावणार आहोत, पैसे कोणाला जाणार आहेत, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. व्यापाऱ्याच्या मुलाला देणे फारसे जड जात नाही. घरात रोज देणेघेणे चालूच असते. दुसऱ्यासाठी मागावयास जाणे मात्र त्याला जड जाते. आमच्या मते तेच शिकावयाचे आहे.

अशा दौडीचे मूळ उदाहरण परदेशातले असले तरी ते येथे थोड्या विस्ताराने सांगण्यासारखे आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्या वेळी त्याचे वय अवघे १८ वर्षांचे होते. इस्पितळात त्याने आपल्याहून लहान मुलांस याच रोगाने कळवळताना पाहिले, आणि संशोधनासाठी पैसा उभा करावा म्हणून कृत्रिम पायाने सबंध कॅनडा देश ओलांडण्याचा निश्चय केला. १२ एप्रिल १९८० रोजी अटलांटिक महासागराच्या पाण्यात तो कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. रोज सुमारे एका मॅरेथॉनइतके, म्हणजे ४२ किलोमीटरच्या आसपास, तो धावत असे. बरोबर एक मित्र मोटार घेऊन होता. पुढे वाटेत त्याचा धाकटा भाऊही येऊन मिळाला. सोबतीला मोठा लवाजमा नव्हता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर तोडल्यावर १ सप्टेंबर रोजी त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसांत उतरला होता. २८ जून १९८१ रोजी तो वारला, तेव्हा त्याला २३ वे वर्षही पुरे झाले नव्हते. प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर जमावा, ही त्याची इच्छा मात्र त्याच्या डोळ्यांदेखत पुरी झाली. २ कोटी ४० लाखांवर वस्ती असलेल्या त्या देशात तेवढेच डॉलर जमले होते.

या कथेत व्यापाऱ्यांनी लक्ष द्यावे असा एक माणूस आहे. इझाडोर शार्प हे हॉटेलांच्या धंद्यातले मोठे गृहस्थ. त्यांचा स्वतःचा तरुण मुलगा कर्करोगानेच काही काळापूर्वी गेला होता. टेरी धावत असतानाच त्यांनी दर मैलामागे दोन डॉलर देण्याचे वचन दिले आणि इतर शेकडो व्यापारी कंपन्यांना तसेच करण्याचे आवाहन केले. टेरी आजारी होऊन इस्पितळात पडला तेव्हा, तुझ्या नावाने दरवर्षी दौड भरवू, अशी तार त्यांनी त्याला पाठविली. १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिली स्मृतिदौड झाली. तीत तीन लाख लोक निघाले. आणि या दौडीचा नियम काय, तर शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही, धावा, चाला, सायकलवर या. टेरीने आपले नाव कोणाच्याही मालावर छापू दिले नाही, आणि त्याच्या आईवडिलांनी व भावंडांनी पुढे कित्येक दशके हा नियम राखला. ज्या व्यापाऱ्याने एवढा पुढाकार घेतला, त्याच्या हॉटेलाचे नाव दौडीला चिकटले नाही. आमच्या समजुतीप्रमाणे ही गोष्ट निधीच्या आकड्याहून मोठी आहे.

आता आपल्या ओलीकडे येऊ, आणि आमच्या मुख्य मुद्द्याकडे. तो मुद्दा जमाखर्चाचा आहे.

समजा, २०० माणसांनी प्रत्येकी ५०० रुपये भरून दौडीत नाव घातले. १ लाख रुपये जमले. ऐकावयास रक्कम चांगली वाटते. आता खर्चाची बाजू मांडू. प्रत्येकी एक छापील सदरा, समजा २०० रुपये. एक पदक, ८० रुपये. न्याहारी, १०० रुपये. म्हणजे माणशी ३८० रुपये, एकूण ७६ हजार. मंडप, ध्वनिवर्धक, फलक आणि छायाचित्रकार मिळून आणखी १५ हजार. बाकी उरले ९ हजार रुपये. आकडे आम्ही कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारभावाने ते पडताळून पाहावेत. परंतु ज्यांनी असे समारंभ जवळून पाहिले आहेत, ते या हिशेबास अवास्तव म्हणणार नाहीत. मग त्या ९ हजारांचा पुठ्ठ्याचा मोठा धनादेश तयार करवून तो हातात धरून दहा माणसे छायाचित्रासाठी उभी राहतात. पुठ्ठ्याचेही पैसे त्यातूनच जातात.

लाख रुपयांच्या मालावर ९१ हजार खर्च करून ९ हजारांचा माल गिऱ्हाइकाच्या हाती देणाऱ्या पेढीस आपण काय म्हणतो? दिवाळे निघाले म्हणतो. मग दानाच्या पेढीस निराळा न्याय का लावावा? येथे तर पैसा आपला नसतो. मुलाने आत्याकडून, शेजाऱ्याकडून, एखाद्या शिक्षकाकडून, ‘रुग्णासाठी देतो’ या शब्दावर आणलेला तो पैसा असतो. त्यातून आपल्या अंगावर सदरा आणि गळ्यात पदक चढले, तर तो व्यवहार आपल्या बाजारात कोणत्या नावाने ओळखला जातो, हे आम्ही येथे लिहीत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, दौडीचा सर्व खर्च ती भरविणाऱ्या घरांनी आपसांत वाटून घ्यावा आणि जमलेल्या निधीस खर्चासाठी हातच लावू नये. जो रुपया ‘रुग्णासाठी’ म्हणून आला, तो सोळा आणे रुग्णाकडे जावा. या एका नियमाने दुसरी अडचण आपोआप मिटते. खर्च स्वतःच्या खिशातून जाणार असे कळले की पदकांची आवश्यकता एकदम कमी वाटू लागते; मंडपाविनाही भागते, आणि मागल्या वर्षीचा जुना सदरा धावावयास पुरेसा होतो. व्यापाऱ्याच्या काटकसरीवर आमचा पूर्ण विश्वास आहे, मात्र पैसा त्याचा स्वतःचा असला पाहिजे. आणि याच कारणासाठी दौड लहान असावी. पाच-दहा घरांस पेलेल एवढाच तिचा पसारा असावा. ती वाढवून शहरभर करावी, वृत्तपत्रांत छापून आणावी, असा आग्रह जे धरतील त्यांस आमची विनंती आहे की, मोठ्या दौडी मोठ्या शहरांत पुष्कळ आहेत व त्या आपले काम करीत आहेत. तेथे खुशाल जावे.

फलकांवर पेढ्यांची नावे असावीत काय? आमच्या मते असू नयेत. ही स्मरणिका जाहिरातींच्या बळावर निघते हे आम्हांस ठाऊक आहे, आणि जाहिरातदारांविषयी कृतज्ञताच आहे. पण स्मरणिका हे व्यापाऱ्यांचे घर आहे. तेथे पाटी लावण्यात गैर काही नाही. दौडीतल्या मुलाच्या पाठीवर आपल्या तेलाच्या डब्याचे चित्र असणे निराळे.

दानाचा पैसा पुरा पोचला, तरी तो कसा पोचला हा प्रश्न राहतोच. याविषयी दोन कथा शेजारी शेजारी ठेवावयाच्या आहेत. एक आठ शतकांपूर्वीची, दुसरी अगदी अलीकडची.

तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वर येथे जगडू शाह नावाचा जैन व्यापारी होऊन गेला. त्याच्या चरित्रावर संस्कृतात काव्यही आहे. विक्रम संवत १३१५ च्या सुमारास गुजरात आणि आसपासच्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा आधीच साठवून ठेवलेल्या धान्याची कोठारे त्याने लोकांसाठी खुली केली आणि राजेरजवाड्यांनाही धान्य पुरविले, अशी त्याची ख्याती आहे. परंपरा असे सांगते की, तो दान देताना पडद्याआड बसत असे. घेणाऱ्याचा फक्त हात त्याला दिसे, चेहरा दिसत नसे. चांगल्या घरच्या माणसास दुष्काळात हात पसरण्याची लाज वाटू नये, एवढाच त्यात हेतू. कथेतला पडदा खरोखर कोणत्या कापडाचा होता याची चिकित्सा विद्वानांनी करावी. आपल्या पूर्वजांनी ही आठवण आठशे वर्षे जपून ठेवली, एवढे आम्हांस पुरे आहे.

दुसरी कथा बारामतीची. लता भगवान करे या पोटासाठी मोलमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाई. तीन मुलींची लग्ने करून दिलेली, गाठीशी शिल्लक काही नाही. पती आजारी पडले; डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीला पाच हजारांच्या आसपास रुपये लागणार होते. ते कोठून आणावे? २०१३ साली बारामतीत शरद मॅरेथॉन होणार होती, आणि तीत ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीस पाच हजारांचे बक्षीस होते. बाई नऊवारी नेसून त्या शर्यतीत उतरल्या. आयुष्यात कधी शर्यत धावल्या नव्हत्या. अनवाणी धावल्या, आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच आपली भूमिका केली, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

लोक ही कथा कौतुकाने सांगतात. लताबाईंच्या हिमतीपुढे आमचेही मस्तक नमते. परंतु व्यापारी म्हणून आमचे लक्ष त्या पाच हजारांवर खिळते. पाच हजार रुपये! बारामतीत काय किंवा ग्वाल्हेरीत काय, जिच्या रोजच्या उलाढालीत एवढी रक्कम लेखणीच्या एका फटकाऱ्याने इकडची तिकडे होत नाही, अशी पेढी दाखवावी. आणि तेवढ्याच रकमेसाठी एका वृद्ध स्त्रीस अनवाणी पायांनी डांबरी रस्त्यावर, शेकडो लोकांच्या देखत धावावे लागले. ती पहिली आली म्हणून आपल्याला तिचे नाव कळले. दुसरी आली असती तर? आणि ज्यांच्या गुडघ्यांत धावण्याचे त्राणच नाही, त्या घरांचे काय?

आम्ही वर म्हटले की आपल्या दौडीत बक्षीस नसावे. कोणी म्हणेल, लताबाईंना तर बक्षिसानेच तारले. ते खरे आहे, आणि ते बक्षीस त्यांनी कमावलेले होते. त्याला दान म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. पण आपल्या दौडीचे काम निराळे आहे. आपल्या ओलीच्या आसपास अशी तपासणी अडलेले घर कोणते, हे आपण आधी शोधावयाचे. म्हणजे त्या घरच्या म्हातारीला धावावे लागणार नाही. तिच्याऐवजी आपण धावू. आपल्या गुडघ्यांना चांगली वहाणे आहेत आणि न्याहारीही मिळणार आहे.

जयारोग्य रुग्णालयात चंबळेच्या खोऱ्यातून आणि बुंदेलखंडाकडून रोगी येतात. बरोबर आलेल्या माणसांची अवस्था रोग्याहून वाईट होते, हे ज्यांनी तेथे कोणाला भेटावयास म्हणून चार फेऱ्या घातल्या आहेत त्यांना सांगावयास नको. राहण्याचा प्रश्न, जेवणाचा प्रश्न, बाहेरून आणावयाच्या औषधांचा प्रश्न. आमच्या मते पहिल्या वर्षीचा निधी औषधे आणि तपासण्या एवढ्यापुरताच ठेवावा. काही मंडळींनी कृत्रिम पायांसाठी तो द्यावा असे सुचविले आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून हे काम विनामूल्य करीत आली आहे, आणि टेरी फॉक्सची कथा सांगितल्यावर ही सूचना कोणाच्याही मनात यावी हे स्वाभाविक आहे. पुढील वर्षी तिचा जरूर विचार व्हावा. एकाच वर्षी सर्व दिशांना शेरपायली वाटू नये.

पैसे देण्याची रीत अशी असावी की, संघाने नेमलेल्या दोन-तीन व्यक्तींनीच रुग्णाची चौकशी करावी, बिल परस्पर औषधाच्या दुकानी वा तपासणीच्या जागी चुकते करावे, आणि रुग्णाचे नाव संघाच्या सभेतही घेऊ नये. धावणाऱ्यांची छायाचित्रे काढावयाची असल्यास काढावीत. मुलांना त्याची हौस असते. घेणाऱ्याचे छायाचित्र कदापि काढू नये. जगडू शाहचा पडदा आपण एवढ्यापुरता तरी शिल्लक ठेवू.

पावतीविषयी थोडेसे. निधी मान्यताप्राप्त न्यासामार्फतच गोळा करावा. रोख दान २,००० रुपयांहून अधिक असेल तर त्यावर आयकरात सूट मिळत नाही, हा नियम २०१७ पासून लागू आहे. तेव्हा मोठ्या रकमा बँकेमार्फत घ्याव्यात. मुलांच्या दहा-वीस रुपयांनाही पावती द्यावी. तिचा आयकरास उपयोग नाही, मुलास आहे.

आता दौड प्रत्यक्षात कशी असावी. वडील मंडळींचा आणखी एक आक्षेप ईर्यासमितीसंबंधीचा आहे. पायाखालचा जीव पाहून पाऊल टाकावे असे सांगणाऱ्यांनी धावत सुटावे काय? ही समिती मुनींच्या महाव्रतांबरोबरची, गृहस्थाच्या अणुव्रताची मर्यादा निराळी, हे उत्तर देता येईल. पण उत्तर देऊन मोकळे होण्यापेक्षा आक्षेपाचा मान राखलेला बरा. चातुर्मासात दौड नकोच. पाऊस सरून रस्ते कोरडे झाल्यावर, चातुर्मास संपल्यानंतरच्या एखाद्या रविवारी ती असावी. त्या दिवसांत लग्नसराईची धांदल असते खरी. पण पुढे पौष लागला की ग्वाल्हेरीत सकाळी असे धुके पडते की समोरचा माणूस दिसत नाही, मग पायाखालची मुंगी कोठून दिसणार? चैत्रात महावीर जयंतीस ठेवावी तर ऊन चढू लागते. म्हणून मार्गशीर्षच बरा. अंधारात निघू नये. सूर्य चांगला वर आल्यावर निघावे, म्हणजे न्याहारीचाही प्रश्न सुटतो. न्याहारीत कंदमूळ नसावे, पाणी गाळून उकळलेले असावे, आणि प्रत्येकाने आपापला पेला घरून आणावा. कागदी आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांचा खच रस्त्यावर टाकून अहिंसेच्या घोषणा देणे बरे दिसत नाही. प्रारंभी फटाके वाजवू नयेत, पाखरे सोडू नयेत.

मार्ग दाना ओलीतून महाराजबाड्याकडे, बाड्यास वळसा आणि परत, असा साधा असावा. गोपाचलापर्यंत जावे असे काहींचे म्हणणे आहे. तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळी, पंधराव्या शतकात, तेथल्या कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या भव्य मूर्तींसमोर दौड संपावी ही कल्पना सुंदर आहे, पण तीर्थाकडे धापा टाकीत जाऊ नये. तेथे एरवी सावकाश जावे. अंतर तीन किलोमीटरच्या वर नको.

आणि धावण्याची सक्ती नको. आपली माणसे दिवसभर गादीवर बसणारी. मधुमेह आणि रक्तदाब यांनी कोणतेही घर वगळलेले नाही. ज्याने वर्षभर दुकानाच्या पायरीखेरीज चढण पाहिली नाही, त्याने नातवाच्या ईर्षेने एकदम धावू नये. साठीच्या वरच्यांनी चालावेच. ग्वाल्हेरीत १९५७ साली, सत्तावनच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दी वर्षात, झाशीच्या राणीच्या नावाने निघालेले शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आज राष्ट्रीय संस्था म्हणून नांदत आहे. तेथल्या जाणत्यांस एक-दोन रविवार बोलावून मुलांस आणि वडिलांस चार गोष्टी शिकवून घ्याव्यात. घरचे ज्ञान एवढे जवळ असताना ते वापरू नये, हे आम्हांस कळत नाही.

पुढे कोण आणि मागे कोण याची नोंदच ठेवू नये. लंडनच्या मॅरेथॉनची पहिली शर्यत २९ मार्च १९८१ रोजी झाली, तेव्हा अमेरिकेचा डिक बियर्डस्ली आणि नॉर्वेचा इंगे सिमोन्सेन हे दोघे आघाडीवर होते. त्यांनी एकमेकांचा हात धरून एकदमच शेवटची रेषा ओलांडली. ते तर जगातले नाणावलेले धावपटू. आपल्या ओलीत सासूने सुनेचा हात धरला तर कोणाचे काय बिघडणार आहे?

ज्यांच्या खांद्यांवरून व्यापाऱ्यांची पोती आजवर चढली-उतरली त्या हमालबांधवांविषयी एक शब्द. सहा दिवस ओझे वाहणाऱ्यास सातव्या दिवशी आरोग्यासाठी धावावयास सांगणे हास्यास्पद होईल. पण त्यांच्या मुलांना आपल्या मुलांच्या बरोबरीने घ्यावे. त्यांच्याकडून वचनाचे पैसे मागू नयेत, न्याहारीस त्याच पंक्तीस बसवावे. आणि औषधासाठी पहिला शोध त्यांच्याच घरांतून सुरू करावा. लांबच्या मुलखातला रुग्ण शोधण्याआधी आपल्या दारातल्या माणसाचा खोकला ऐकू यावयास हवा.

एवढे सर्व ज्यांस मान्य असेल त्या घरांनी आपली नावे पर्युषणानंतर संघाच्या कार्यालयात द्यावीत. पाच घरे आली तरी दौड करावी. दहाच्या वर आली तर खर्चाची वाटणी हलकी होईल इतकेच. जमा आणि खर्च यांचे दोन वेगळे कागद दौडीनंतर आठ दिवसांच्या आत कार्यालयातील फळ्यावर लागले पाहिजेत, आणि ज्या मुलांनी वचने गोळा केली त्यांच्याकडूनच जमेची बेरीज करून घ्यावी. न्याहारीची जबाबदारी महिला मंडळाने घेण्याची तयारी दर्शविली आहे. वाटेत पाणी देण्यासाठी बाड्याच्या कोपऱ्यावर एक टेबल लागेल. ते टेबल, गाळण्याची फडकी आणि पाण्याच्या घागरी आमच्या घरून येतील. टेबलाशी उभे राहावयास चार माणसे मात्र अजून हवी आहेत.